स्लीव्ह किंवा बायपासनंतर कीटो आणि उपवास: कधी सुरू करावा, कसा करावा, कुठे थांबावं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर, मग ते स्लीव्ह असो वा बायपास, भराभर खाली येणारा वजनाचा काटा एक दिवस अडकतो. आठवडा जातो, दुसरा जातो, काटा तिथेच. मग शोध सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा दोन शब्दांवर येऊन थांबतो: कीटो (कार्ब्स, म्हणजे पिष्टमय आणि गोड पदार्थ, खूप कमी करून शरीराला चरबी जाळायला लावणारा आहार) आणि उपवास.

दोन्ही करता येतात. फक्त ज्यांचं जठर शाबूत आहे त्यांच्यासाठी बनवलेला कीटोचा तक्ता जसाच्या तसा उचलायचा नाही. लहान झालेल्या जठरात तो मावत नाही, आणि त्यातून होणारं नुकसान वजनकाट्यावर दिसत नाही. उलट स्नायू झिजले तरी काटा खालीच येतो आणि माणूस खूश होतो. म्हणून इथे क्रम वेगळा आहे: आधी प्रोटीन, मग पाणी, मग कार्ब्सना कात्री, आणि उरलेल्या जागेत फॅट. उपवासाचं सूत्र त्याहून सोपं: रात्र लांबवायची, जेवण गाळायचं नाही.

पोटात नेमकं काय बदललंय

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिली मावतं. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. तोच भाग गेल्यामुळे बरेच महिने भूक जवळजवळ लागत नाही. इथेच पहिली फसगत होते. 'मला सोळा तास सहज जातात' याचा अर्थ शरीराला सोळा तास अन्न नको असा होत नाही. घंटा काढून टाकली आहे म्हणून ती वाजत नाही, एवढंच.

बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलीची छोटी पिशवी, म्हणजे पाउच, करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. लोह आणि कॅल्शियम प्रामुख्याने जिथे शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भाग वगळला जातो. बी-१२ शोषून घेण्यासाठी लागणारे जठरातले स्राव अन्नाला नीट भेटत नाहीत. साखर थेट आतड्यात उतरते आणि डंपिंग होतं, म्हणजे खाल्ल्यावर पोटात कळ, धडधड, घाम, भोवळ असा त्रास.

ड्युओडेनल स्विच आणि मिनी बायपास झालेल्यांनी एक वेगळी खूणगाठ बांधावी. या ऑपरेशनांत फॅट कमी शोषलं जावं अशीच रचना असते, ड्युओडेनल स्विचमध्ये तर खूपच. वर भरपूर फॅटचा आहार घेतला की न पचलेलं फॅट शौचातून बाहेर पडतं. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि उग्र वासाचं होतं. त्याच्याबरोबर ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वंही जातात. अशांनी कीटो स्वतःच्या मनाने करू नये.

पहिले सहा महिने वेगळं काहीच करायचं नाही

पहिले काही आठवडे द्रव, मग पातळ वाटलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न असा क्रम बहुतेक ठिकाणी असतो. या काळात दिवसाला ५०० ते ८०० कॅलरी पोटात जाताना मारामार असते. एवढ्या कमी खाण्यात कार्ब्स आपोआप घसरतात, यकृतातला साखरेचा साठा संपतो आणि शरीर चरबी जाळून कीटोन बनवू लागतं. तोंडाला धातूसारखी चव येते, श्वासाला गोडसर आंबूस वास येतो, तो याचाच. म्हणजे 'कीटो कधी सुरू करू?' असं दुसऱ्या महिन्यात विचारणारा माणूस बहुधा कीटोसिसमध्येच असतो. त्यात उपवासाची भर घातली तर कमी होतं ते फक्त प्रोटीन, आणि टाके भरून यायला तेच लागतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन अडकतं, त्यालाही घाबरू नये. शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (हाच तो साखरेचा साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. सुरुवातीला हे पाणी निघून गेल्यामुळे काटा धाडकन उतरतो आणि मग शरीर हिशोब जुळवत बसतं. दोन-तीन आठवड्यांनी काटा पुन्हा हलतो.

सावध हिशोब असा. कार्ब्स मुद्दाम कमी करायचे तर ऑपरेशनला किमान ६ महिने झालेले असावेत, घट्ट अन्न उलटीशिवाय जात असावं आणि रोजचं प्रोटीन सलग महिनाभर पूर्ण होत असावं. उपवासाचा विचार १२ ते १८ महिन्यांनंतर, वजन एका जागी स्थिरावल्यावर किंवा परत चढू लागल्यावर. दोन्ही एकदम सुरू करू नयेत. चक्कर आली तर दोघांपैकी कशाने आली, ते मग कळत नाही.

कोणी या वाटेला जाऊच नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, टाइप-१ मधुमेही, मूत्रपिंड किंवा यकृताचा गंभीर आजार असलेले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, आणि ज्यांना अजून आठवड्यातून दोन-तीनदा उलटी होते ते सगळे. ज्यांना पूर्वी अधाशासारखं खाण्याचा किंवा खाऊन मुद्दाम उलटी करण्याचा त्रास होता, त्यांच्यासाठी उपवास विशेष वाईट. दिवसभराची कडक बंदी आणि संध्याकाळची झुंबड हे जुनं चक्र त्याने पुन्हा सुरू होतं.

आधी रक्त, मग औषधं, मग ताट

सर्जन किंवा आहारतज्ज्ञाकडे जाताना या तपासण्या हातात असाव्यात: हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन, अल्ब्युमिन, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, सोडियम-पोटॅशियम, युरिक अ‍ॅसिड, लिपिड आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर). दोन बारकावे. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल तर एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसू शकतं. आणि बायपास झालेल्याने ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी करू नये, कारण तेवढं गोड पाणी एकदम प्यायल्यावर डंपिंग व्हायची मोठी शक्यता असते. प्रयोगशाळेत हे कुणी विचारत नाही. आपणच सांगावं.

खरा धोका औषधांत असतो. कार्ब्स कमी करण्याच्या आधी डॉक्टरांशी यावर बोलणं झालेलंच हवं:

- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या. या चालू असताना कार्ब्स तोडले किंवा उपवास केला तर रक्तातली साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाच किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन बेसुमार साचून रक्त आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. तो जिवावर बेततो. या गोळ्या आणि कीटो एकत्र नकोत.
- इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड. जुनाच डोस चालू ठेवला तर साखर खाली आपटते.
- रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या. पहिल्या आठवड्यात शरीर मीठ आणि पाणी टाकतं. त्यात ही गोळी असली तर उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते.
- आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या. बायपासनंतर त्या तशाही टाळायच्या असतात. रिकाम्या पोटी तर त्या जोडाच्या जागी व्रण पाडायला आमंत्रणच.

डोस कमी करणं किंवा गोळी बंद करणं हे डॉक्टरांनी ठरवायचं, स्वतः नाही.

ताटाचा हिशोब

पुस्तकी कीटोत ७० ते ७५ टक्के कॅलरी फॅटमधून येतात. १२०० कॅलरींच्या आहाराला हे गणित लावून पाहा: साधारण १०० ग्रॅम फॅट, ६० ग्रॅम प्रोटीन, १५ ग्रॅम कार्ब्स. ६० ग्रॅम ही ऑपरेशननंतरच्या प्रोटीनची तळरेषा आहे. एक जेवण चुकलं की तुम्ही तिच्याही खाली. शिवाय फॅट खाल्ल्याने पोट भरल्यासारखं वाटतं आणि प्रोटीनची जागा जाते.

आता उलट बाजूने सुरू करू. बहुतेकांना ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हा आकडा सांगितला जातो. आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोला १ ते १.५ ग्रॅम हा दुसरा ठोकताळा. समजा ८० ग्रॅम ठरलं. त्याच्या ३२० कॅलरी झाल्या. कार्ब्स ४० ग्रॅम, म्हणजे १६० कॅलरी. एकूण ११०० कॅलरी घ्यायच्या तर उरल्या ६२०, म्हणजे जवळपास ६९ ग्रॅम फॅट. आणि तेवढंही गाठलंच पाहिजे असं नाही. बाकीची चरबी पोटावर आणि मांड्यांवर साठवलेली आहेच, ती जाळायलाच तर हा खटाटोप. म्हणून कॉफीत लोणी किंवा खोबरेल तेलाचा गोळा सोडणं हा या मंडळींसाठी शुद्ध वेडेपणा आहे: दोनशे-तीनशे कॅलरी, प्रोटीन शून्य, आणि वर मळमळ.

कार्ब्स २० ग्रॅमवर नेण्याची गरज नसते. एकूण खाणंच कमी असल्याने ४० ते ५० ग्रॅमवरही बऱ्याच जणांना हलका कीटोसिस लागतो. मोजायचाच असेल तर रक्तातले कीटोन मोजणारं यंत्र वापरा. ०.५ ते १.५ मिलिमोल पुष्कळ झाले. लघवीच्या पट्टीचा रंग पाणी कमी-जास्त प्यायल्यानेही बदलतो आणि काही आठवड्यांनी तो फिका पडतो, तेव्हा तिच्यावर विसंबून कार्ब्स आणखी कापू नयेत.

प्रोटीनचे आकडे तोंडपाठ असावेत. एक अंडं ६ ग्रॅम. १०० ग्रॅम शिजलेलं चिकन ३० च्या आसपास, मासा २२ ते २५. १०० ग्रॅम घट्ट, पाणी काढलेलं, बिनसाखरेचं दही १०. पनीर १८. व्हे पावडरचा (दुधातल्या प्रोटीनची पावडर) एक स्कूप २० ते २५. शाकाहारी माणसाची इथे खरी अडचण होते, कारण शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरीत प्रोटीन ९ ग्रॅम आणि कार्ब्स २०. डाळींवर प्रोटीन भागवायचं तर कीटो सुटतो. मग टोफू, पनीर, दही आणि दिवसाला दोन स्कूप पावडर याला पर्याय नाही. तेही नको असेल तर ७०-८० ग्रॅम कार्ब्सचा मवाळ आहार घ्यावा. तो वाईट नाही.

कार्ब्स उतरवायचे कसे

एका रात्रीत नाही. पहिले तीन दिवस जे खाता तेच खा, पण प्रत्येक घास वजन करून लिहा. बऱ्याच लोकांना याच तीन दिवसांत वजन अडकण्याचं कारण सापडतं: बिस्किटं, चहातली साखर, फळांचा रस. चौथ्या दिवसापासून गोड पेयं आणि साखर बंद. दुसऱ्या आठवड्यात भात, ब्रेड, बटाटा अर्धा. तिसऱ्या आठवड्यात दिवसाचे ५० ग्रॅम, आणि अंगाला मानवलं तर चौथ्यात ४०.

याच टप्प्यावर डोकं जड होणं, पायात गोळे येणं, चिडचिड हा त्रास होतो. याला कीटो फ्लू म्हणतात, पण ताप-संसर्गाशी त्याचा संबंध नाही. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ सोडतात, त्याचा हा परिणाम. एक कप गाळलेलं गरम सूप, त्यात चहाच्या चमच्याने पाव चमचा मीठ, घोट-घोट, दिवसातून एक-दोनदा. पाव चमचा मिठात जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हेसुद्धा विचारून. पोटॅशियमच्या गोळ्या मात्र कुणीच आपल्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर त्या हृदयाचे ठोके बिघडवतात.

घास

कीटोत घास कोरडे होतात. भात-डाळीचा ओलावा गेला, उरलं भाजलेलं चिकन. नीट न चावलेला तुकडा छातीच्या हाडामागे अडकतो. आधी तिथे दाब जाणवतो, मग तोंडात एकदम पाणी सुटतं, नाक वाहायला लागतं, आणि शेवटी फेसाळ लाळ वर येते. अन्न नाही, नुसता फेस. अशा वेळी पाणी पिऊन तो तुकडा खाली ढकलायला जाऊ नये, पाणीही वर साचतं. उठून उभं राहावं, सावकाश फिरावं, वाट पाहावी.

टाळायचं कसं? मांस ओलसर शिजवा: वाफेवर, रस्स्यात किंवा खिमा करून. दुसऱ्यांदा गरम केलेलं चिकन सगळ्यात घातक, ते दोरखंडासारखं होतं. घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीसदा चावून. जेवण २० ते ३० मिनिटांत संपवायचं. आधी प्रोटीन, मग मऊ भाजी, जागा उरली तर बाकीचं. जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर ३० मिनिटं नाही.

उपवास: १२ तासांपासून १४ पर्यंत, बस्स

आधी १२ तासांनी सुरुवात करा. संध्याकाळी ७ ला शेवटचं खाणं, सकाळी ७ ला पहिलं. रात्री टीव्हीपुढचं चरणं बंद झालं तरी अनेकांचा काटा हलतो. महिनाभर हे जमलं, प्रोटीन एकदाही ६० च्या खाली गेलं नाही, तर न्याहारी अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे सरकवत १४ तासांवर या. आठवड्यातून चार-पाच दिवस पुरेत.

दहा तासांच्या खिडकीत, म्हणजे खाण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या वेळेत, दिवस कसा बसतो तो पाहा. उठल्यापासून साडेआठपर्यंत ४०० मिली पाणी, घोट-घोट. ९ वाजता दोन उकडलेली अंडी. १० ते ११:३० मध्ये ३०० मिली पाणी. ११:३० ला एक स्कूप व्हे २०० मिली पाण्यात, अर्धा तास लावून. मग सव्वा वाजेपर्यंत २०० मिली. दीड वाजता ८० ग्रॅम चिकन आणि दोन चमचे मऊ भाजी. अडीच ते सव्वाचार ३५० मिली. साडेचारला १०० ग्रॅम घट्ट दही. सव्वापाच ते सव्वासहा २०० मिली. साडेसहाला ८० ग्रॅम मासा, भाजी, वर चीज. साडेसात ते साडेनऊ ३०० मिली. झालं: प्रोटीन ९० ग्रॅमच्या आसपास, द्रव जवळजवळ दोन लिटर. लक्ष्य ८० असताना बेत ९० चा ठेवलाय, कारण एक ना एक जेवण अर्धवट राहतंच.

आता हीच यादी आठ तासांत किंवा सहा तासांत बसवून पाहा. जेवणं एकमेकांना चिकटतात, पाण्याच्या फटी बुजतात. म्हणून १६:८ (सोळा तास उपवास, आठ तास खाणं) हा सर्वसाधारण जगात मवाळ समजला जाणारा प्रकार इथे कठीण आहे, आणि दिवसातून एकच जेवण हा प्रकार तर गणितातच बसत नाही. दीडशे-दोनशे मिलीच्या पिशवीत ८० ग्रॅम प्रोटीन एका बैठकीत जाणार कसं? चोवीस तासांचे आणि त्याहून लांबचे उपवास नकोत. निर्जळी तर कधीच नाही.

लांब उपवासाचा आणखी एक छुपा धोका आहे. बी-१, म्हणजे थायमिनचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. कमी खाणं आणि उलट्या एकत्र आल्या की तो संपतो आणि मेंदू-नसांवर परिणाम होतो: नजर दुहेरी होणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. अशा रुग्णाला थायमिन न देता आधी ग्लुकोजचं सलाइन लावलं तर अवस्था बिघडू शकते. त्यामुळे इमर्जन्सीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: 'वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेलं आहे आणि इतके दिवस उलट्या होताहेत.'

गोळ्या खिडकीत कशा बसवायच्या

उपवास असो वा नसो, सप्लिमेंट सुटत नाहीत. ती आयुष्यभराची आहेत. सर्वसाधारण प्रमाण असं: कॅल्शियम सायट्रेट दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५०० ते ६०० पेक्षा जास्त नाही. लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, विशेषतः पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि बायपास-स्लीव्हवाल्यांना. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन. डी जीवनसत्त्व ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर येईपर्यंत. थायमिन किमान १२ मिलिग्रॅम. नेमका डोस अहवालावरून ठरतो.

लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर एक दुसऱ्याला शोषू देत नाही. थायरॉइडची गोळी या दोघांपासून चार तास दूर. सोपी मांडणी: पहाटे उपाशीपोटी थायरॉइड, दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, झोपताना लोह. कॅल्शियमचा तिसरा डोस लागत असेल तर तो साडेचारच्या दह्याबरोबर घ्यावा.

बिघडतं ते असं

डंपिंग दोन तऱ्हेचं असतं. खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत पोटात कळ, धडधड, घाम, जुलाब हे लवकरचं. एक ते तीन तासांनी हात थरथरणं, घाम, भोवळ हे उशिराचं, आणि त्यात साखर खरोखर उतरलेली असते. कार्ब्स कमी केल्याने दोन्ही सुधारतात, हा या आहाराचा खरा फायदा. पण साखर ७० च्या खाली असेल तर कीटो मोडेल म्हणून थांबू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि सावरल्यावर लगेच थोडं प्रोटीन खा, नाहीतर साखर परत घसरते. साखर खाल्ल्यानंतर नव्हे तर उपाशीपोटी उतरत असेल, तर ते नेहमीचं डंपिंग नाही. उपवास बंद करून तपासणी करून घ्यावी.

मुतखडा. कीटोच्या पाककृतींत पालक आणि बदामाचं पीठ पावलोपावली असतं. दोन्हींत ऑक्झलेट भरपूर. एरवी आतड्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पकडून बाहेर नेतं. बायपासनंतर न शोषलेलं फॅट त्या कॅल्शियमला आधीच धरून बसतं, मग ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडा होतो. म्हणजे जास्त फॅट, बदाम-पालक आणि कमी पाणी ही तिहेरी चूक. बदामाच्या पिठाची पोळी रोजची सवय करू नका, कॅल्शियम जेवणाबरोबरच घ्या.

पित्ताशयाचे खडे भराभर वजन उतरताना होतात. उपवासात पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त साचून घट्ट होतं. त्यामुळे जेवणात थोडं फॅट हवंच. उजव्या बरगडीखाली, जेवल्यावर येणारी आणि पाठीकडे जाणारी कळ गॅस समजून सोडून देऊ नये. युरिक अ‍ॅसिडही कीटोसिसमध्ये चढतं. पूर्वी गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) झाला असेल तर अंगठा सुजण्याची वाट पाहू नका.

बद्धकोष्ठ बऱ्याच जणांना होतो: पाणी कमी, तंतू कमी, वर लोहाची गोळी. उलट, 'शुगर-फ्री' चॉकलेटातल्या माल्टिटॉल-सॉर्बिटॉलने जुलाब लागतात. एमसीटी तेलानेही (कीटोसाठी विकलं जाणारं, सहसा खोबरेलातून काढलेलं तेल) तेच.

आणि वजन उतरेना झालं तर आधी डब्याकडे पाहा. काजू, चीज, कीटो लाडू-बार या गोष्टी सुळकन खाली उतरतात, पाउच भरल्याची जाणीवच होत नाही. ३० ग्रॅम सुकामेव्यात साधारण १८० कॅलरी असतात, आणि ३० ग्रॅम म्हणजे एक छोटी मूठ. दिवसभरात अशा चार मुठी सहज जातात. नाव कीटोचं, हिशोब जुनाच.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी रुग्णालय

चोवीस तासांहून जास्त उलट्या किंवा पाणीही न टिकणं. नजर, तोल किंवा बोलणं बिघडणं. काळं शौच. सतत टिकणारी तीव्र पोटदुखी, विशेषतः बायपासनंतर, कारण आतड्याला आतून पीळ पडलेला असू शकतो. मळमळ, खोल आणि जलद श्वास, आणि कीटोन ३ च्या वर; यात साखर नॉर्मल असली तरी निर्धास्त राहू नये.

बारा आठवड्यांनी

लिपिड, फेरिटिन, अल्ब्युमिन, मूत्रपिंड आणि युरिक अ‍ॅसिड पुन्हा तपासा. वजनाबरोबर कंबरेचं माप आणि हाताच्या पकडीची ताकद बघा. डबा उघडायला, खुर्चीतून हात न टेकता उठायला पूर्वीपेक्षा जड जात असेल तर उतरलेलं वजन स्नायूंचं आहे. प्रोटीन वाढवा, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम जोडा आणि उपवास थांबवा. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, बरंच चढलं असेल तर लोणी, चीज, लाल मांस कमी करून मासे आणि वनस्पती तेलाकडे वळा, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा.

बाहेर पडायचं तेही सावकाश. आठवड्याला रोजच्या १० ग्रॅम कार्ब्सची भर: आधी भाज्या, मग डाळी, मग अख्खी फळं, आणि धान्य सगळ्यात शेवटी. सुरुवातीला काटा थोडा वर जाऊ शकतो. ते परतलेलं पाणी आहे. तिसऱ्या आठवड्यानंतरही तो चढत राहिला, तर शेवटी जी १० ग्रॅमची भर घातली ती काढा आणि त्याच आकड्यावर थांबा.